रेखाटन : स. पा.

मुहर्रकच्या नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर
समितीच्या खोलीतला एसी इतका गार
की नकाशासुद्धा अंग चोरतो.
मी दाराशी उभा, काखेत नळी,
नळीत अर्ज क्रमांक एकतीस :
तळमजला अधिक तीन, खोल्या अकरा,
जिना अरुंद, पण नियमात.

बोलणं माझं काम नाही.
बोलतात ते इंजिनियर थंकप्पन.
मी नकाशा उलगडायचा
आणि टोकं दाबून धरायची,
नाहीतर तो आपला आपण गुंडाळून घेतो.

एकोणतिसावा अर्ज बेकरीचा, धुराडं उंच करायचंय.
पुढच्या मंगळवारी.
(मागच्या मंगळवारीही पुढचाच मंगळवार होता.)
तिसावा, न्हाव्याच्या दुकानाचा.
दोन मिनिटांत मंजूर.
समितीतली निम्मी डोकी त्याच्याच हाताखालची.

मग आमचा.
अध्यक्ष अबू हमद चष्मा कपाळावर सरकवून
विहिरीत डोकवावं तसे कागदावर वाकले.
उंची?
तेवढ्यात छपरावरून विमान गेलं,
चहाचे पेले थरथरले,
ते जाईस्तोवर सगळे गप्प.
उंचीवर मग फारशी चर्चा झाली नाही.
पार्किंग? दोन.
कागदावर दोन. त्या गल्लीत
मांजर आडवं बसलं तर दुसऱ्या मांजराला थांबावं लागतं.

मग सचिवानं एक हरकत वाचली.
उम्म राशिद, घर क्रमांक सातशे बारा, सहीच्या जागी अंगठा.
'माझ्या अंगणात बदामाचं झाड आहे.
दुपारी मी त्याखाली डोक्यावर काही न घेता बसते.
साठ वर्षं मला तिथं फक्त आभाळानं पाहिलंय.
आता तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बघेल.'

भिंतीला कान असतात म्हणतात.
खिडकीला तर नुसते डोळेच.
मरियमबाईंनी पेन्सिलीचं टोक नेमकं तिथं टेकवलं :
ही कुणाला सुचली?
थंकप्पन माझ्याकडे बघायला लागले.

मला सुचली.
अकराव्या खोलीला उजेड नव्हता.
मी राहतो ती खोली दोन गल्ल्या पलीकडे,
सहा माणसं, तीन दुमजली खाटा,
आणि खिडकीच्या जागी कॅलेंडर.
म्हणून त्या रात्री, कुणी सांगितलं नसताना,
पूर्वेला नव्वद बाय एकशे वीसची एक मोकळी जागा सोडली.
हे कसं सांगणार? आणि कुठल्या भाषेत?
मी टोकं दाबून उभा राहिलो.

निर्णय : मंजूर, तीन अटींवर.
एक. खिडकीची खालची कड जमिनीपासून एकशे ऐंशी सेंटिमीटर,
उजेड आत यावा, नजर बाहेर जाऊ नये.
दोन. पार्किंगचं हमीपत्र.
तीन. फक्त कुटुंबांसाठी. बॅचलरना खोल्या देता येणार नाहीत.
तिसरी अट सुचवणारे सदस्य वाईट नव्हते,
'लोकांच्या तक्रारी येतात हो,' म्हणत
त्यांनीच माझ्यापुढे चहा सरकवला, वेलची घातलेला.
वेंगुर्ल्याला माझी बायको आहे, दोन मुली,
धाकटी यंदा दहावीला.
इथे मी बॅचलर.

परतताना सातशे बारावरून गेलो.
बदामाची एक फांदी भिंत ओलांडून
सरळ गल्लीत आलेली,
तिच्या अर्जाचा क्रमांक कुणी विचारत नाही.
मी मान खाली घालून चाललो.
म्हातारी बरोबर होती, हेच तर अवघड.

रात्री ऑफिसात खिडकी वर चढवली.
जुनी रेघ पुसली, नवी ओढली,
कोपऱ्यातल्या चौकटीत तारीख बदलली.
तपासलं : थंकप्पन. रेखाटन : स. पा.
मग दिवा बंद करण्याआधी
टेप काढली, दाराच्या चौकटीला पाठ लावली,
डोक्यावर पट्टी धरून खूण केली.

एकशे सदुसष्ट.